भरताची रेसिपी मागितलीस म्हणून

बेटा,

गुरुवारी रात्री तुझा मेसेज आला, "पप्पा, भरताची रेसिपी पाठवा ना, वीकेंडला करून बघते." मी लगेच चार ओळी टाईप केल्या पण पाठवल्या नाहीत. वांगी भाजा, मिरच्या भाजा, ठेचा, फोडणी द्या, एवढंच होतं त्यात, आणि एवढ्यावर आपल्या घरचं भरीत होत नाही गं. मग म्हटलं शनिवारी आपण करणारच आहोत, करता करता नीट लक्ष देतो आणि रात्री निवांत लिहितो. आता साडेनऊ झालेत, मम्मी आणि आजी झोपल्यात, मी रजई पायावर घेऊन मोबाईलवर टाईप करतोय. लांबणार आहे, ऑफिसला निघायच्या घाईत वाचू नकोस.

इथे जळगावला थंडी यंदा मस्त पडलीय. सकाळी मेहरूण तलावावर फिरायला गेलो तर पाण्यावरून वाफ निघत होती आणि पलीकडचा काठ दिसतच नव्हता. कानाला मफलर बांधून दोन चकरा मारल्या, येताना बोरं घेतली अर्धा किलो, ती मेहरूणची गोड बोरं, तू शाळेतून येताना स्कर्टच्या खिशात भरून आणायचीस आणि मग मम्मी ओरडायची तीच. घरी आलो तर नळ आलेला, आज नळाचा दिवस होता ना, मग मोटर लावून टाकी भरली, अंगणातला हौद घासून घेतला, कुंड्यांना पाणी दिलं. तोवर मम्मीने गाद्या, रजया, आजीच्या दोन्ही गोधड्या गच्चीवर नेऊन टाकल्या होत्या. उन्हात तापलेल्या गोधडीचा वास तुला आठवतो का? मला आज तिथे उभं राहून एकदम तुझीच आठवण आली, तू लहानपणी त्या गाद्यांच्या ढिगात शिरून बसायचीस आणि आजी सगळ्या घरभर हाका मारत फिरायची.

तर पहिली गोष्ट वांगं. तिकडे पुण्यात जांभळं काळं मोठं वांगं मिळतं, त्याचं होईल पण हे नाही होणार. आपल्याला लागतं ते हिरवं, अंगावर पांढरट रेघा असलेलं, एकेक अर्धा किलोच्या आसपास भरतं, बिया कमी आणि साल पातळ. बामणोदचं आणि आसोद्याचं नाव आहे त्यात, आणि 2016 ला जळगावच्या भरताच्या वांग्याला जीआय टॅगसुद्धा (भौगोलिक मानांकन) मिळाला, केळीला मिळाला त्याच वर्षी. मी नेहमीच्या मावशींकडून घेतो, त्या सकाळी गावाकडून टोपली घेऊन येतात. घेताना हातात धरून बघायचं, आकाराच्या मानाने हलकं लागलं तर घ्यायचं, जड लागलं तर समजायचं आत बिया भरल्यात. देठ हिरवा हवा आणि दाबल्यावर साल परत वर आली पाहिजे. हे मला माझ्या बाबांनी शिकवलं, त्यांनी कधी समजावून सांगितलं नाही, नुसतं माझ्या हातात दोन वांगी द्यायचे आणि विचारायचे कोणतं घेऊ. तीन किलो घेतली आज, त्यातली दोन किलो तुझी, ते पुढे सांगतो.

तिथूनच कांद्याची पात, लसूण, कोथिंबीर घेतली, आणि मिरच्या त्या लांब पोपटी, कमी तिखट असतात त्या. तुरीच्या शेंगा पण घेतल्या कारण आजी म्हणाली मला काहीतरी सोलायला आणून दे, नुसतं बसवत नाही.

मग गिरणी. बेटा, कळण्याच्या भाकरीशिवाय भरीत म्हणजे अर्धंच जेवण, तू तिकडे पोळीबरोबर खातेस ते ठीक आहे पण एकदा पीठ असलं की तू करशील म्हणून सांगतो. एक किलो ज्वारीला पाव किलो अख्खे काळे उडीद, सालासकट, आणि दळतानाच थोडं जाड मीठ टाकायचं. उडदाला चिकटपणा असतो म्हणून भाकरी थापताना फाटत नाही, तुझ्यासारख्या नवीन माणसाला ज्वारीच्या भाकरीपेक्षा ही सोपी जाईल. गिरणीवर डबा ठेवून निघून यायचं नाही. तिथं थांबायचं आणि सांगायचं की ज्वारीवर टाका, गव्हावर नको, नाहीतर आधीच्याचं गव्हाचं पीठ आपल्यात येतं आणि भाकरीची चवच बदलते. मी आज पाऊण तास थांबलो. पूर्वी डबा ठेवून मी ऑफिसला पळायचो आणि संध्याकाळी मिळेल ते पीठ घेऊन यायचो. आज बाकावर बसलो, गिरणीच्या पट्ट्याचा आवाज, नाकात गरम पिठाचा वास, शेजारी एक म्हातारे गृहस्थ बाजरी घेऊन आलेले, त्यांच्याशी कपाशीच्या भावावर बोललो. मला फार बरं वाटलं.

ऑफिसवरून आठवलं म्हणून इथेच लिहून टाकतो, नंतर राहून जाईल. तू 2019 ला पुण्याला गेलीस, आणि 29 फेब्रुवारी 2020 पासून आम्हा राज्य सरकारी कर्मचाऱ्यांना पाच दिवसांचा आठवडा झाला. म्हणजे तू घरात होतीस ती सगळी वर्षं दुसरा आणि चौथा सोडला तर माझा शनिवार ऑफिसात गेला, आणि शनिवार हातात आला तेव्हा तू नव्हतीस. लॉकडाऊनमध्ये आलीस पण तेव्हा तू दिवसभर लॅपटॉपसमोर, जेवणाचं ताट मी टेबलवर आणून ठेवायचो आणि तू मान हलवायचीस. तक्रार नाही गं, तुझं काम होतं ते. पण तुझ्या शाळेच्या काळात शनिवारी सकाळची शाळा असायची, तू साडेअकराला घरी यायचीस आणि दुपार अख्खी रिकामी असायची, ती दुपार माझ्याकडून तुला मिळाली नाही. भरीत रविवारी व्हायचं, तेही घाईत, गॅसवर, कारण संध्याकाळी पाहुणे नाहीतर तुझा क्लास. म्हणून तुझ्या लक्षात राहिलेली चव खरं तर घाईतल्या भरताची आहे. हे मला गुरुवारी तुझा मेसेज वाचताना सुचलं आणि तेव्हापासून मनातून जातच नाही.

असो. बँकेतही जाऊन आलो, पहिला शनिवार म्हणून चालू होती, पासबुक छापायचं मशीन बंद होतं, परत आलो. येताना दाणा बाजारातून तीळ घेतले एक किलो आणि चिक्कीचा गूळ, संक्रांत आलीच.

आता भरीत. अकराला मागच्या अंगणात तीन विटा मांडल्या. काड्या मी आधीच आणून ठेवलेल्या, थोड्या कपाशीच्या पऱ्हाट्या आणि थोड्या तुरीच्या तुराट्या, आसोद्याच्या मामांच्या शेतातल्या. गॅसवर वांगं एका बाजूने करपतं आणि दुसऱ्या बाजूला कच्चं राहतं, काड्यांचा जाळ कसा चहूबाजूंनी धरतो, आणि त्याचा धूर वांग्यात मुरतो, तोच तर भरताचा वास. वांग्यांना आधी सुरीने तीन-चार ठिकाणी टोचून घ्यायचं, नाहीतर आतली वाफ कोंडून ते फुटतं. तेल लावायची गरज नाही. जाळात टाकलं की दर दोन मिनिटांनी देठाला धरून फिरवायचं. साल पूर्ण काळी झाली, वांगं बसलं आणि देठाजवळ दाबल्यावर मऊ लागलं की झालं, देठाजवळचाच भाग सगळ्यात शेवटी शिजतो, तिथे कच्चं राहिलं तर सगळं भरीत तुरट होतं. मिरच्या पण त्याच निखाऱ्यावर टाकल्या, त्यांना फोड आले की काढायच्या.

भाजलेली वांगी परातीत ठेवून वरून दुसरं ताट झाकलं पंधरा मिनिटं. हे तू अजिबात गाळू नकोस, वाफेने साल आपोआप सुटते. सोलताना नळाखाली धरायचं नाही, सगळे असंच करतात आणि सगळा धूर मोरीत जातो. वाटीत थोडं पाणी घ्यायचं, बोटं बुडवायची आणि सोलायचं, एखादा काळा कण राहिला तर राहू दे.

ठेचायला आजीचं ते लाकडी भांडं आणि लाकडी मुसळी. लोखंडाच्या खलबत्त्यात वांगं काळं पडतं आणि मिक्सरमध्ये त्याची पेस्ट होते, दोन्ही नको. आधी लसूण आणि भाजलेल्या मिरच्या मीठ टाकून ठेचल्या, मग एकेक वांगं टाकत गेलो. खूप जोर लावायचा नाही, धागे दिसले पाहिजेत. आजी शेंगा सोलता सोलता बघत होती, मधेच बोटाने चाखून म्हणाली अजून चार मिरच्या टाक, थंडीचं भरीत आहे. चार टाकल्या. चौऱ्याऐंशी वर्षांची झाली पण तिखट तिला आपल्या सगळ्यांपेक्षा जास्त लागतं, आणि तिचं अजून एकदाही चुकलेलं मी पाहिलं नाही.

फोडणी मम्मीने दिली. तेल जरा सढळ, जिरे, मूठभर शेंगदाणे चांगले लाल होईपर्यंत, मग कांद्याची पात, ती नुसती मऊ होऊ द्यायची, हिरवा रंग जाऊ द्यायचा नाही, मग ठेचलेलं वांगं, पाच मिनिटं परतलं, वरून कोथिंबीर. हळद नाही, लाल तिखट नाही, टोमॅटो तर नाहीच नाही. तुझी रूममेट टोमॅटो टाकते म्हणालीस, तिचं तिच्या घरचं असेल, तिला तसं करू दे, तू तुझं वेगळं कर.

अंगणातच चटई टाकून जेवलो, उन्हात. भरीत, कळण्याची भाकरी, वर कच्चं तेल, कांदा, मुळा, आणि ताक. आजीने पूर्ण एक भाकरी खाल्ली, दिवाळीपासून ती अर्धीच खात होती. मम्मीने डोळे मिटून पहिला घास घेतला आणि म्हणाली, पोरगी हवी होती. मग आम्ही कोणीच थोडा वेळ काही बोललो नाही.

दुपारी गच्चीवर तापलेल्या गादीवर पडलो तर दीड तास झोप लागली. उठलो तेव्हा खाली आकाशवाणी लागलेली होती आणि मम्मी तीळ भाजत होती. मंद गॅसवर, तडतडायला लागले की लगेच उतरवायचे, रंग बदलेपर्यंत थांबलं तर कडू होतात. लाडू वळायला मी बसलो, गूळ गरम असतानाच वळावे लागतात म्हणून हाताला पाणी लावायचं, बोटं भाजली पण चाळीस-पन्नास झाले. त्यातले वीस तुझे.

आता तुझ्या कामाचं. तुझ्याकडे इंडक्शन आहे, त्यावर वांगं भाजता येणार नाही. खालच्या मजल्यावरच्या काकूंकडे गॅस आहे म्हणालीस ना, त्यांना विचार, बर्नरवर पापड भाजायची जाळी ठेव, गॅस मध्यम ठेव आणि देठाला धरून सारखं फिरवत राहा, हलवणं थांबवू नकोस. टोचलेल्या जागेत लसणाच्या पाकळ्या खोचून दे, काड्यांच्या धुराची थोडी कसर भरून निघते. आणि काकूंना वाटीभर भरीत नक्की दे, लाडू पण दे.

रात्रीच्या ट्रॅव्हल्सने पार्सल टाकलंय, मी स्वतः स्टँडपर्यंत जाऊन डिकीत नीट ठेवून आलो. गाडी सकाळी सहा-साडेसहाला वाकडला येते, ड्रायव्हरचा नंबर वेगळ्या मेसेजमध्ये टाकलाय, पंधरा मिनिटं आधी त्याला फोन कर. खोक्यात दोन किलो वांगी आहेत पेपरात गुंडाळलेली, कळण्याचं पीठ दीड किलो, पात, मिरच्या, लाडूंचा डबा, आणि एकदम तळाला टॉवेलमध्ये गुंडाळून एक लाकडी भांडं आणि मुसळी आहे. आजीचं नाही, ते इथेच राहील. हे नवीन आहे, महिनाभरापूर्वीच सुताराकडून करून घेतलं होतं, तुझ्या वाढदिवसाला द्यायचं होतं, पण वाढदिवस जूनमध्ये आणि वांगी आत्ता. वापरायच्या आधी त्याला आतून गोडंतेल लावून रात्रभर ठेव म्हणजे लाकूड तडकणार नाही. धुताना साबण नको, गरम पाणी आणि मीठ.

पीठ फ्रीजमध्ये ठेव, उडदामुळे लवकर कीड लागते. वांगी मात्र फ्रीजमध्ये ठेवू नकोस, उद्या रविवार आहे, उद्याच कर.

आणि 24, 25, 26 तुला सलग सुट्टी आहे, मी कॅलेंडर बघितलं. 24 ला शनिवारच आहे. मामांना सांगून ठेवलंय, त्यांच्या शेतात विहिरीजवळ करू, हरभरा पण तोवर सोलाण्यावर येईल, तुला आवडतो तसा काड्यांवर भाजून देतो. तिकीट मी काढतो, शुक्रवारी किती वाजता सुटतेस तेवढं फक्त कळव.

पप्पा