माहीमच्या बुधवारच्या आंटींना, आईकडून आणि माझ्याकडून थँक्यू

आंटी,

तुम्ही नाव काही सांगितलं नाहीत, "आंटीच बोल, सगळे तेच बोलतात" म्हणालात, म्हणून हे पत्र असंच बिननावाचं. माहीम चर्चला बुधवारी नोव्हेनाला, म्हणजे नऊ बुधवार करतात त्या प्रार्थनेला, येणाऱ्या कुणाला खूण पटली तर प्लीज त्यांना वाचून दाखवा. बारीक फुलाफुलांचा फ्रॉक, कापडी पिशवी, पिशवीत स्टीलचा डबा आणि पुठ्ठ्याचा पंखा, आणि बोलणं इतकं घरचं मराठी की माझी आई पाच मिनिटांत तुमच्याशी पापड कुठले चांगले यावर आली होती.

आईला माहीमला यायचंच होतं. तिची एक मैत्रीण नऊ बुधवार करून आलेली, तेव्हापासून डोक्यात होतं. आमच्याकडे सोळा सोमवार असतात तसंच असेल काहीतरी असा तिचा हिशोब. मी आपली सोबत म्हणून, आणि खरं सांगायचं तर जुनी चर्चेस बघायची मला आवड आहे म्हणून. पण बुधवारी लेडी जमशेदजी रोडवर काय गर्दी असते याची कल्पना नव्हती हो, स्टेशनपासून चालत येतानाच आईचे गुडघे बोलायला लागले आणि गेटपाशी पोचलो तर मेणबत्तीवाले, हारवाले, मेणाचे हात, मेणाचे पाय, मेणाची घरं, मेणाची बाळं, आणि प्रत्येकजण आईच्याच हातात काहीतरी कोंबतोय. एकाने तर गुडघा दुखतो हे तिच्या चालण्यावरून ओळखून डायरेक्ट पायच पुढे केला. आई पर्स उघडणार तेवढ्यात तुम्ही मध्ये आलात. "साधी मेणबत्ती घ्या ताई, ती पण घेतलीच पाहिजे असं काय नाय." त्या माणसाकडे तुम्ही ज्या नजरेने बघितलंत ना, तो बाजूलाच झाला.

पुढे तुम्ही आईचा हात धरून तिला थेट बाकापर्यंत नेलंत, दोन मुलांना सरकायला लावलंत, पंखा तिच्या हातात दिलात. आम्ही कोण, कुठले, का आलो, एक प्रश्न नाही. मला हे सगळ्यात जास्त आवडलं. आईच्या कपाळावर ठसठशीत कुंकू, मी मोबाइल घेऊन छताकडे बघतेय, कुणीही ओळखलं असतं की या पहिल्यांदा आल्यात. पण मागे वळून बघितलं तर आमच्यासारख्या बऱ्याच होत्या, शेजारच्या रांगेत एक बुरख्यातली बाईसुद्धा डोळे मिटून बसली होती.

नोव्हेना संपल्यावर गर्दी ओसरेपर्यंत तुम्ही आमच्याबरोबर थांबलात आणि ती अर्धी संध्याकाळ मला कुठल्याच गाइडने दिली नसती. मी म्हटलं की चर्च फार जुनं आहे असं वाचलं होतं पण बिल्डिंग तर नवी वाटते, तर तुम्ही हसलात. "ही १९७३ ची गं, माझ्या डोळ्यांसमोर बांधली." मूळ चर्च मात्र पोर्तुगीजांच्या काळातलं, फ्रान्सिस्कन पंथाच्या पाद्र्यांचं, साल १५३४ सांगतात. म्हणजे मुंबई हे सात बेटांचं गाव होतं आणि माहीम त्यातलं एक बेट होतं तेव्हापासून या जागेवर प्रार्थना चालू आहे.

आणि ते १७३९ चं! चिमाजी अप्पा वसई घेत होते एवढं आम्हाला शाळेत शिकवलं, पण त्या धामधुमीत वांद्र्याच्या टेकडीवरच्या चॅपेलमधलं, म्हणजे छोट्या चर्चमधलं, मदर मेरीचं चित्र वाचवून माहीमला आणलं होतं हे कुणी सांगितलं नव्हतं. वांद्रे तेव्हा पोर्तुगीजांकडे, माहीम इंग्रजांकडे, मधली खाडी म्हणजे सरहद्दच. खाडीवरचा रस्ता, कॉजवे, झाला १८४५ ला, म्हणजे ते होडीतूनच आलं असणार. ते चित्र १७६१ पर्यंत इथेच होतं म्हणालात, आणि मग आईकडे बघून, "तुमचीच माणसं आलेली ताई, म्हणून तर आमची माय इकडे आली." मी जरा अवघडलेच. पण आई कसली, ती म्हणाली, "बरंच झालं की मग, तेवढाच माहीमला तिचा पाय लागला." तुम्ही दोघी इतक्या हसलात की पुढच्या बाकावरच्या बाईंनी वळून बघितलं.

त्या बिशपची गोष्ट पण मी घरी सगळ्यांना सांगितली. १८५३ साली चर्च कुणाच्या ताब्यात राहणार, पोर्तुगालच्या राजाचा हक्क मानणाऱ्यांच्या की थेट रोमने नेमलेल्या बिशपच्या, यावरून इथे एवढं पेटलं की बिशप हार्टमन चर्चमध्ये आत बसून राहिले आणि बाहेर वेढा, शेवटी सरकारला मध्ये पडावं लागलं. आपल्याकडे देवळाच्या ट्रस्टींची भांडणं बघून मला वाटायचं हे फक्त आपलंच आहे. भाऊ म्हणाला, चला, यात तरी सगळे सारखे.

पण आईच्या मनात यातलं काहीच नाही राहिलं, तिच्या मनात राहिली ती चप्पल. तुम्ही तिला वेदीजवळ नेऊन निरंतर साहाय्य मातेची, म्हणजे मदर मेरी आणि बाळ येशूची, तसबीर दाखवलीत, मूळ चित्र रोममध्ये आहे ते, आणि म्हणालात बाळाच्या पायाकडे बघा. एका पायातली चप्पल निसटून नुसती बंदावर लोंबकळतेय. वरती दोन्ही बाजूंना देवदूत आहेत, मायकल आणि गॅब्रिएल, त्यांच्या हातात क्रूस, खिळे, भाला, पुढे आपलं काय होणार आहे ते बाळाला दिसलं आणि ते घाबरून आईकडे पळत आलं, त्यात चप्पल सुटली. माझ्या आईने तिथेच डोळ्याला पदर लावला. मी आर्ट हिस्टरीचं दोन ओळींचं काहीतरी बोलणार होते, गप्प बसले. घरी आल्यावर तिने वडिलांना ते चित्र हातवारे करून समजावलं, ते म्हणे, "अगं पण त्याला चप्पल घातली कुणी एवढ्याशा बाळाला?" याचं उत्तर तुमच्याकडे असेल तर कळवा.

तुम्ही सांगितलंत की इथली बुधवारची नोव्हेना १९४८ च्या सप्टेंबरात सुरू झाली, आणि लोक मागणं मागतात तशी आभाराचीही पत्रं लिहून टाकतात, त्यातली काही वाचून दाखवतात. नोकरी लागली, व्हिसा मिळाला, मूल झालं, दारू सुटली. मी पण तिथेच टाकणार होते हे, पण एवढं लांबलचक कोण वाचणार, आणि शिवाय माझे आभार वरती नाहीत, शेजारच्या बाकावर आहेत. गुडघ्याचं म्हणाल तर गुडघा आहे तसाच आहे, डॉक्टरांची तारीख घेतलीय. पण आई बुधवार सोडत नाहीये. आता ती एकटी येते, मला घेत नाही, म्हणते तू सारखी फोटो काढतेस.

परत स्टेशनकडे सोडताना तुम्ही गल्लीच्या तोंडाशी एक क्रूस दाखवलात, झेंडूचा हार घातलेला, आणि म्हणालात मुंबईत असे खूप आहेत, त्यातले बरेच १८९६ च्या प्लेगच्या वेळी लोकांनी जीव वाचावा म्हणून उभे केले. मी इतकी वर्षं या शहरात राहते आणि असे क्रूस नुसते ओलांडून जायचे. आता गिरगावात, वांद्र्यात, माझगावला दिसला की थांबून साल वाचते. ऑफिसला उशीर होतो त्याचं खापर तुमच्यावर.

अजून एक, आणि हे आईने मुद्दाम लिहायला लावलंय. तुमच्या डब्यातल्या चिकनचा वास आला तेव्हा तिने विचारलं होतं आणि तुम्ही "बॉटल मसाला, उन्हाळ्यात कुटून ठेवतो आम्ही" एवढंच सांगून विषय बदललात. ईस्ट इंडियन, म्हणजे तुम्हा मुंबईतल्या मूळच्या कॅथलिक लोकांच्या, घरात प्रत्येकाचं माप वेगळं आणि कुणी कुणाला देत नाही हे आता आम्हाला कळलंय. आई म्हणते माप नको, पण पुढच्या एप्रिलमध्ये कुटाल तेव्हा एक बाटली जास्तीची करा, पैसे काय होतील ते घ्या, आणि बदल्यात ती तुम्हाला आमचा गोडा मसाला देईल. ती बुधवारी उजवीकडच्या बाकांवर बसते, पंख्याखाली. तुमचा पुठ्ठ्याचा पंखाही तिच्याकडेच आहे.

तुमची,
मोबाइलवाली मुलगी