मोठे लग लावण्याआधी जागा बघा

संपादक महोदय,
तुमच्या पुरवणीतला कॅनडातल्या स्नोमोबाइलवरचा (बर्फावर चालणाऱ्या गाडीवरचा) लेख आवडला, पण त्यात डोंगरातल्या गाडीला तीन इंची लगचा ट्रॅक (गाडीखाली फिरणारा रबरी पट्टा; लग म्हणजे त्यावरचे बर्फ पकडणारे उंचवटे) लावला की झालं असं वाटतं, आणि तसं ते नाहीये, म्हणून लिहितोय. आम्ही कॅलगरीत राहतो, हिवाळ्यात रेव्हलस्टोक या डोंगरातल्या गावाकडे जातो, तिथे भुसभुशीत बर्फ इतका असतो की मोठे लग लागतातच.

पण अडीच इंचाचे लग काढून तीन इंचाचे बसवले तर वर टनेलमध्ये (ट्रॅकवरच्या धातूच्या छपराखाली) आणि इंजिनाचं कूलंट थंड करणाऱ्या पुढच्या कूलरपाशी अर्धा इंच जागा कमी होते, शिवाय वेगात ट्रॅक फुगतो आणि मग लग कूलरलाच घासतात. कूलर फुटला, कूलंट गेलं, इंजिन तापलं की माणूस जंगलात अडकला, तिथे मोबाइलला रेंजसुद्धा नसते!

यावर उपाय म्हणजे ट्रॅक ओढणारी ८ दात्यांची चाकं, म्हणजे ड्रायव्हर, काढून ७ चे टाकायचे. २.८६ इंच पिचला (ट्रॅकवरच्या लगच्या दोन ओळींमधल्या अंतराला) ड्रायव्हरची त्रिज्या साधारण ०.४५ इंच कमी होते म्हणजे जागा जवळपास भरून निघते. पण गिअरिंगही साडेबारा टक्के खाली येतं, म्हणजे इंजिनाच्या तेवढ्याच फेऱ्यांत ट्रॅक कमी सरकतो, त्यामुळे चेनकेसमधले (साखळीच्या पेटीतले) स्प्रॉकेट, म्हणजे दातेरी चाकं, बदलावे लागतात, हे बरेचजण विसरतात. दुसरा मार्ग ड्रायव्हर ज्यावर बसतात तो शाफ्टच खाली-पुढे सरकवायचा, तो खर्चिक आहे पण मला जास्त पटतो कारण लहान ड्रायव्हरवर ट्रॅक जास्त वाकतो.

लग कापून जागा करायचा सल्ला मात्र कृपया कुणी देऊ नका.

एक वाचक, कॅलगरी