सोसायटीची पत्रे वाचवणाऱ्या भाडेकरू मुलीस जाहीर आभारपत्र

चि. चौथ्या मजल्यावरील भाडेकरू मुलीस,
अनेक उत्तम आशीर्वाद.

या पत्रात नाव लिहायचे नाही, अशी अट तू घातली होतीस आणि ती मी पाळत आहे. चौथ्या मजल्यावर भाडेकरू एकच असल्यामुळे त्या अटीचा फारसा उपयोग होणार नाही, हा भाग वेगळा. तुझा अकरा महिन्यांचा करार या महिनाअखेरीस संपतो आहे. तू विलेपार्ले सोडण्यापूर्वी सोसायटीच्या वतीने, सर्व सभासदांच्या देखत तुझे आभार मानणे हे सचिव या नात्याने माझे कर्तव्य आहे.

आपल्या कार्यालयातील जुना संगणक २००६ साली घेतलेला. त्यावर विंडोज एक्सपी आणि पत्रव्यवहारासाठी आउटलुक एक्सप्रेस हा ईमेलचा प्रोग्रॅम. माझ्या आधीच्या दोन्ही सचिवांनी आणि मी महापालिका, लिफ्टचा ठेकेदार, गच्चीचे वॉटरप्रूफिंग, सभासदांच्या तक्रारी असे चौदा फोल्डर त्यात निगुतीने लावून ठेवले होते. मानीव अभिहस्तांतरणाचा, म्हणजे विकासक करून देत नसेल तरी जमीन-इमारत सोसायटीच्या नावावर करून घेण्याचा, ज्याला आपण सगळेच डीम्ड कन्व्हेयन्स म्हणतो त्याचा, अर्ज करायचे ठरल्यावर विकासकाशी झालेला सगळा जुना पत्रव्यवहार वकिलांना हवा होता, आणि नेमका त्याच पावसाळ्यात संगणकाच्या हार्ड डिस्कमधून खरखर ऐकू येऊ लागली. नवा संगणक बसवायला आलेल्या गृहस्थांनी ठामपणे सांगितले की जुना मोडीत काढा, नव्यावर पासवर्ड टाकला की सगळे मेल आपोआप येतात. मी त्यांच्यावर विश्वास ठेवून जुन्या संगणकाची वायर काढायलाही घेतली होती.

तू त्या दिवशी मेंटेनन्सची पावती न्यायला खाली आली होतीस. दारातूनच तू विचारलेस, "काका, अकाउंट पॉप आहे की आयमॅप?" मला दोन्ही शब्द नवीन होते. तू माझ्याकडून पासवर्ड टाकून घेतलास आणि तुझ्या फोनवर सोसायटीची पेटी उघडून दाखवलीस. तिच्यात त्या सकाळची दोन पत्रे होती, बाकी काही नाही. आयमॅप असते तर पत्रे मेल कंपनीच्या सर्व्हरवरच राहिली असती. आपले अकाउंट पॉप होते, आणि पॉप पद्धतीत पत्र संगणकावर उतरले की, वेगळी सोय केलेली नसेल तर, सर्व्हरवरून पुसले जाते. पोस्टमन पत्र घरात टाकून गेला की पोस्टात त्याची प्रत उरत नाही, असे तू मला समजेल अशा शब्दांत सांगितलेस. म्हणजे, मी निकामी समजत होतो ती एक सीडी सोडली तर, अठरा वर्षांचा पत्रव्यवहार जगात फक्त त्या खरखरणाऱ्या डब्यात होता. माझ्या हातातली वायर मी पुन्हा जागेवर लावली, ते आठवले की अजूनही पोटात गोळा येतो.

पुढच्या दोन संध्याकाळी सीप्झमधले काम आटोपून, अंधेरीची गर्दी अंगावर घेऊन तू थेट कार्यालयात येत होतीस. पत्रे नेमकी कुठे साठवली आहेत, हे आधी शोधायचे होते. टूल्स, ऑप्शन्स, मेंटेनन्स आणि तिथले 'स्टोअर फोल्डर' हे बटण एवढ्या पायऱ्या उतरल्यावर जो पत्ता दिसला, तो चौकटीत मावेना. महिरपी कंसात लांबलचक अंक आणि अक्षरे असलेला तो पत्ता तू जसाच्या तसा उचलून दुसरीकडे चिकटवलास, तेव्हा कुठे ते दडवलेले दालन उघडले. आत प्रत्येक फोल्डरची 'डीबीएक्स' नावाची एकेक फाइल होती आणि कोणता फोल्डर कोणाच्या पोटात आहे याची नोंद ठेवणारी एक वेगळी फाइल. "आता यातल्या कशालाही हात लावायचा नाही, आधी नक्कल," असे तू म्हणालीस. आउटलुक एक्सप्रेस बंद करताना त्याने जागा वाचवण्यासाठी पत्रे कॉम्पॅक्ट करू का, असे विचारले, तर दोन्ही दिवस 'नाही' म्हणायला लावलेस. ते काम मध्येच तुटले तर पत्रे गहाळ होऊ शकतात, आणि ती डिस्क कोणत्या क्षणी मान टाकेल याचा भरवसा नव्हता.

पेनड्राइव्हचा प्रसंग सभासदांनी जरूर वाचावा. मी दुपारीच पार्ले बाजारातून चांगला ६४ जीबीचा नवा पेनड्राइव्ह आणून ठेवला होता. तो लावताच एक्सपीने पडद्यावर विचारले की ही डिस्क फॉरमॅट केलेली नाही, करायची का? माझा बाण 'हो'वर पोचलाच होता. तू माझ्या हातासकट माउस बाजूला ओढलास. अशा मोठ्या नव्या पेनड्राइव्हची मांडणी बहुतेकदा एक्सफॅट पद्धतीची असते, जुन्या एक्सपीला ती वाचता येत नाही आणि वाचता येत नाही ते सगळे त्याला कोरे वाटते, असे तू सांगितलेस. तो पेनड्राइव्ह रिकामाच होता, त्यामुळे त्या दिवशी काही बिघडले नसते. पण 'करायची का' म्हटले की 'हो' दाबायची माझी सवय तुला अधिक धोक्याची वाटली, आणि ते खरे आहे. दुसऱ्या दिवशी तू स्वतःचा ८ जीबीचा, टोपण हरवलेला जुना पेनड्राइव्ह आणलास आणि त्यावर नक्कल उतरली.

गेल्या वर्षी मी स्वतः या फाइलींची एक सीडी करून ठेवली होती, याचा मला फार अभिमान होता. तीवरून एक फोल्डर आत घेऊन पाहिला, तर यात पत्रेच नाहीत अशा अर्थाचे उत्तर आले आणि सीडी खराब झाली असे मी धरून चाललो. सीडी उत्तम आहे, असे तू दाखवून दिलेस. फाइल उघडताना त्या प्रोग्रॅमला तिच्यात थोडे लिहावेही लागते आणि सीडीवर लिहिता येत नाही, एवढेच कारण होते. फाइली डिस्कवर उतरवून त्यांच्यावरची 'रीड ओन्ली'ची खूण काढली की त्या उघडतात.

नव्या संगणकावर विंडोज ११ आहे आणि आउटलुक एक्सप्रेस तिथे मुळातच नाही. एक्सपीचा आधार मायक्रोसॉफ्टने ८ एप्रिल २०१४ रोजी काढून घेतला, हे मला तुझ्याकडून कळले. म्हणजे दहाहून अधिक वर्षे आपले कार्यालय देवाच्या भरवशावर चालले होते. तू थंडरबर्ड हा मोफत प्रोग्रॅम निवडलास, पण त्याची नवी आवृत्ती नव्या संगणकावर टाकून भागणार नव्हते, कारण जुन्या फाइली वाचण्यासाठी शेजारी जिवंत आउटलुक एक्सप्रेस लागतो. म्हणून तू एक्सपीवर चालणारी थंडरबर्डची जुनी, ५२ क्रमांकाची आवृत्ती जुन्याच संगणकावर बसवलीस, तिथल्या तिथे पत्रे तिच्यात ओतलीस आणि मग तयार झालेल्या फाइली इकडे आणल्यास. नव्या संगणकावर थंडरबर्ड बंद ठेवून 'लोकल फोल्डर्स'च्या जागी त्या ठेवल्या. शेजारच्या 'एमएसएफ' नावाच्या फाइली मात्र आणल्या नाहीत, कारण ती नुसती अनुक्रमणिका असते आणि प्रोग्रॅम ती पुन्हा स्वतः तयार करतो. पत्त्यांची वही त्या मानाने पाच मिनिटांत हलली.

सगळे फोल्डर डावीकडे ओळीने दिसू लागले तेव्हा मी चहा सांगायला निघालो होतो. तू म्हणालीस, "काका, आधी मोजू." आणि दोनशे पानी वहीत तीन रकाने आखलेस: फोल्डरचे नाव, जुन्यावरची संख्या, नव्यावरची संख्या. मी वाचत गेलो, तू लिहीत गेलीस. तेरा फोल्डर तंतोतंत जुळले. सभासदांच्या तक्रारींत मात्र जुन्यावर ६१२ आणि नव्यावर ६०९. तीन तक्रारी कमी झाल्या तर बरेच, असा विनोद मी केला, तो तुला अजिबात आवडला नाही. दोन्ही पडद्यांवर तारखेनुसार यादी लावून तू पाऊण तास एकेक ओळ जुळवत बसलीस. तिन्ही पत्रे सापडली, जुन्या संगणकावर ती ओढून डेस्कटॉपवर टाकताच त्यांच्या सुट्या 'ईएमएल' फाइली झाल्या आणि पेनड्राइव्हवरून इकडे आल्या. त्यातले एक पत्र तळमजल्यावरील गळतीबद्दलचे, माझेच होते.

जुन्या मराठी इतिवृत्तांचे जोडपत्र उघडले, तेव्हा अक्षरांऐवजी नुसती चिन्हे दिसत होती. ती युनिकोड, म्हणजे सगळ्या संगणकांवर सारखी चालणारी अक्षरपद्धत, रुळण्याआधीच्या फॉन्टमध्ये टंकलेली होती. तो फॉन्ट जुन्या संगणकातून आणल्यावर आपल्या पहिल्या अध्यक्षांचे खणखणीत मराठी पुन्हा वाचता आले.

एक गोष्ट मला स्पष्ट लिहिली पाहिजे. गेल्या वार्षिक सभेत भाडेकरूंबद्दल जे बोलले गेले, त्यात माझाही आवाज होता. तू सभासद नाहीस, सभेत तुला मत नाही, तुझ्या घरमालकांकडून आपण दर महिन्याला नॉन-ऑक्युपन्सी चार्जेस, म्हणजे घर भाड्याने दिल्याबद्दलचा जादा आकार, घेतो, आणि सोसायटीचे दप्तर तू वाचवलेस. समितीने मानधन देऊ केले, ते तू नाकारलेस आणि दोन दिवसांच्या वडापावचे पैसेही स्वतःच दिलेस. ते तरी आम्ही द्यायला हवे होते.

वकिलांना हवी असलेली विकासकाची जुनी पत्रे दुसऱ्याच दिवशी छापून दिली. जुना संगणक, तू सांगितल्याप्रमाणे, सहा महिने तरी कोणाला देणार नाही. वही कार्यालयाच्या लोखंडी कपाटात वरच्या कप्प्यात आहे आणि तिच्याच पानांत तुझा टोपण नसलेला पेनड्राइव्ह ठेवला आहे. सामान हलवण्याआधी तो घेऊन जा. कार्यालय संध्याकाळी सात ते साडेआठ उघडे असते, हे तुला सांगायला नकोच.

तुझे,
सचिव काका