रविवारची कॉम्प्युटर तपासणी : सगळ्यांनी वाचा

नमस्कार मंडळी, येत्या रविवारी सकाळी दहाला रत्नागिरीला जमायचंय, विषय एकच, वाचनालयातलं कॉम्प्युटरचं काम कोणाला किती जमतं ते बघणं. परीक्षा नाहीये, कोणाचं नाव कुठे कळवणार नाही, त्यामुळे उगाच टेन्शन घेऊ नका. फॉर्म भरून घेणार नाही, कारण 'येतं का' विचारलं की सगळेच 'हो येतं की' म्हणतात (आपण कोकणातली माणसं, नाही कशाला म्हणू!) म्हणून प्रत्येकाने मशीनवर बसून करूनच दाखवायचं.

नवीन पुस्तकाची नोंद युनिकोडमध्ये (म्हणजे कुठल्याही मशीनवर मराठी वाचता येते त्या पद्धतीत) करायची, जुन्या फॉन्टमध्ये टाईप केलेलं दुसऱ्या मशीनवर नुसतं कचरा दिसतं आणि सर्चला सापडत नाही हे आता तरी लक्षात घ्या. 'ऱ्या' बऱ्याच जणांचं अडतं, इनस्क्रिप्टमध्ये (मराठी टायपिंगचा कीबोर्ड) शिफ्ट धरून जे, मग शिफ्ट सोडून डी, मग स्लॅश आणि शेवटी काना, एवढंच आहे. मग लेखकाच्या नावाने पुस्तक शोधणं, वाचकाला कागद स्कॅन करून पीडीएफ देणं, आणि बॅकअप, म्हणजे नोंदींची जादा कॉपी. पावसात लाईट कधीही जाते, तेव्हा बॅकअप पेनड्राईव्हवर घेऊन तो उघडतो का तेही बघायचं, नुसता घेतला म्हणजे झालं नाही.

ज्याचं जे अडेल ते ज्याला येतं त्याने शेजारी बसून शिकवायचं, पण माऊस शिकणाऱ्याच्या हातात हवा. दापोली, गुहागरवाल्यांनी एसटीचं टायमिंग बघून निघा, उशीर होणार असेल तर ग्रुपवर टाका. येणाऱ्यांनी शुक्रवारपर्यंत नाव कळवा, जेवणाचं सांगायचंय.