आधी दोर, मग माणसं

महोदय,

दिवाळीची सुट्टी लागली की सिंधुदुर्ग किल्ल्यावर जाणाऱ्यांची मालवणच्या धक्क्यावर झुंबड उडते. मी याच पाण्यात ३० वर्षं होडी चालवली. आता घरी असतो, पण धक्क्यावर गेलो की नजर जाते ती होडी लागताना. परवा एका पाहुण्यांनी होडी थोपवायला भिंतीला पाय लावला. चप्पल चिरडली, पाय थोडक्यात वाचला. २० माणसं बसली की माणसांचंच वजन सव्वा टन होतं, होडीचं वेगळं. ते पायाने कसं थोपणार? माझी स्वतःची करंगळी १९व्या वर्षी अशीच होडी आणि दगडाच्या मध्ये सापडली. अजून वाकत नाही.

आमचे जुने तांडेल, म्हणजे होडीचे प्रमुख, सांगत, वारा आणि पाण्याची ओढ यांत ज्याचा जोर जास्त, त्याच्याकडे तोंड करून धक्क्याला ये. मग इंजिन मंद केलं की होडी आपसूक थबकते. हल्ली पुढची फेरी गाठायच्या घाईत काही जण वारा पाठीवर घेऊनच येतात आणि ऐनवेळी इंजिन उलटं फिरवतात. होडी वाकडी सरकते, आणि नेमकी तेव्हाच सगळी माणसं उतरायला एका बाजूला उभी राहतात. किल्ल्याच्या बाजूला तर खडकांतून वाट काढत यावं लागतं, तिथे चुकायला जागाच नाही.

दुसरी खोड एकाच दोराची. नाळेकडचा, म्हणजे होडीच्या पुढच्या टोकाचा, दोर बांधला की ‘उतरा’ म्हणतात. मागची बाजू मोकळी, ती लाटेसरशी धक्क्यापासून फाकते, आणि एखाद्या आजींचा एक पाय दगडावर, एक होडीत! ओहोटीला पायरी गुडघ्याच्या वर जाते, मग तर हात धरायला माणूस हवाच. पण इंजिनवर बसलेला एकटा माणूस सुकाणू सांभाळील, दोर बांधील की हात देईल?

म्हणून प्रत्येक होडीवर दोरासाठी दुसरा माणूस सक्तीचा करावा, आणि पायऱ्यांना धरायला साखळी लावावी. मालकांना मजुरी परवडत नाही हे मला माहीत आहे. तिकिटात पाच रुपये वाढवा, कोणी कुरकुरणार नाही.

आणि एक फलक लावा, मराठी, हिंदी, कानडीत: दोन्ही दोर बांधल्याशिवाय उठू नका. आमची पोरं मालवणीत ‘बसान ऱ्हवा’, म्हणजे बसून राहा, म्हणून ओरडतात, पण पाहुण्यांना वाटतं, उतरायलाच सांगतायत.

— एक निवृत्त होडीवाला, मालवण