पूहाँचं वळण आणि तुझा उजवा पाय

नाशिक, गंगापूर रोड
रविवार, रात्र

प्रिय संज्या,

फोन न करता पत्र लिहितोय. फोनवर आपल्या रेसिंग गेमचा, असेटो कोर्सा कॉम्पेटिझिओनेचा, आणि त्यातल्या गाडीच्या सेटअपचा, म्हणजे जुळवणीचा, विषय निघाला की तिसऱ्या मिनिटाला दोघांचेही आवाज चढतात आणि मुद्दा तसाच राहतो. दिवाळीनंतर तुला एक ओळ लिहिली नाही, ते मनाला फार लागून राहिलंय. आईचा गुडघा बरा आहे, मीही ठीक. थंडी कडाक्याची आहे. आता मुद्द्याचं.

पोर्शे स्पा ट्रॅकच्या पूहाँ वळणाला सुटायची थांबली!

हे घरात कुणाला सांगून उपयोग नाही, म्हणून तुला सांगतोय. आनंद झालाच, पण त्याच क्षणापासून एक काळजीही लागली. माझ्या पायाखाली ती सुटत नाही, पण तुझ्या पायाखाली सुटेल का? तीन तासांची रेस, गाडी एक, सेटअप एक आणि चालवणारे तिघे. पहिला तास माझा, मधला पक्याचा, शेवटचा तुझा. पक्याला बैलगाडी दिली तरी तो दर लॅपला तीच वेळ काढेल. प्रश्न तुझा आहे, कारण वळणाच्या मध्यात तुझा उजवा पाय वर येतो. यावरून आपण किती भांडलोय! आज भांडायचं नाही, ती सवय धरूनच गाडी बसवायची आहे.

आपल्या पोर्शेचं, ९९२ चं, इंजिन मागच्या आसाच्याही मागे आहे. ॲक्सिलरेटर सोडला की वजन पुढे सरकतं, मागची चाकं हलकी होतात आणि मागे लटकलेलं ते ओझं शेपूट बाहेर ओढतं. ला सोर्ससारख्या केसाच्या पिनेला हे उपयोगाचं, नाक आपसूक आत येतं. पण पूहाँ उताराचं, लांबलचक, दुहेरी डावं वळण. तिथे पहिल्या अपेक्सनंतर, म्हणजे वळणाच्या सगळ्यात आतल्या बिंदूनंतर, पाय अर्धा जरी उचलला तरी गाडी फिरते. बीएमडब्ल्यूत तू हेच करायचास आणि ती खपवून घ्यायची, कारण तिचं इंजिन पुढे आहे.

शेपूट सुटते म्हटल्यावर लगेच मागचा अँटीरोल बार (गाडी कलू नये म्हणून दोन चाकं जोडणारी दांडी) मऊ करायला धावू नकोस. आधी बघ, कुठे सुटते. ला सोर्स आणि बस स्टॉप या हळू वळणांनाही सुटत असेल तर दोष यांत्रिक: स्प्रिंग, अँटीरोल बार, टो, डिफरन्शियल. हळू वळणांत धरलेली राहून फक्त पूहाँ आणि ब्लांशीमाँ या वेगवान वळणांना सुटत असेल तर दोष हवेच्या दाबाचा, म्हणजे गाडीला खाली दाबणाऱ्या वाऱ्याचा: राइड हाइट (गाडीची जमिनीपासून उंची) आणि विंग. आपली गाडी दुसऱ्या प्रकारातली निघाली. रेक, म्हणजे पुढच्यापेक्षा मागची जास्तीची उंची, जास्त होता. मागची बाजू उंच असली की हवेचा दाब पुढच्या चाकांकडे सरकतो. हळू वेगात काही कळत नाही, वेग वाढला की पुढची चाकं रस्ता घट्ट धरतात आणि मागची हात वर करतात. मागची उंची २ मिलिमीटर खाली आणि विंग एक घर वर, एवढ्यावर काम झालं. केमेलच्या सरळ रस्त्यावर वेग किंचित कमी पडतो, तो पडू दे. तास-तासभराच्या स्टिंटमध्ये, म्हणजे एकेकाच्या पाळीत, एकदा गाडी फिरली तर जाणारे सेकंद त्याहून कितीतरी जास्त आहेत.

तुझ्यासाठी म्हणून आणखी एक गोष्ट केली. डिफरन्शियलचं प्रीलोड दोन क्लिक वाढवलं. प्रीलोड जास्त असलं की पाय उचलल्यावरही मागची दोन चाकं एकमेकांना धरून राहतात आणि गाडी एकदम वळत नाही. त्याची किंमत ला सोर्सला मोजावी लागते, तिथे आत शिरताना नाक बाहेर ढकललं जातं. तेवढ्यासाठी पुढचा अँटीरोल बार मऊ करायचा मोह होईल. करू नकोस, कारण त्याने पूहाँलाही पुढची पकड वाढेल आणि दुखणं परत येईल. त्यापेक्षा ला सोर्सला ब्रेक बायस, म्हणजे पुढच्या-मागच्या ब्रेकमधली वाटणी, अर्ध्या टक्क्याच्या आत मागे घे. तिथे जोरात ब्रेक लागतात, त्यामुळे फरक तिथेच जाणवतो.

इथे मला जे उमगलं ते तुला नीट सांगायचंय. गाडीतल्या गोष्टी दोन ढिगांत लाव. ब्रेक बायस, ट्रॅक्शन कंट्रोल, एबीएस, इंजिन मॅप: हे चालवता चालवता बदलता येतं. बाकी सगळं, म्हणजे उंची, विंग, स्प्रिंग, बार, डॅम्पर, टो, कॅम्बर, प्रीलोड, गॅरेजमध्येच ठरतं आणि तिघांना सारखं. तर तडजोड फक्त दुसऱ्या ढिगात करायची, आणि तिथे सगळ्यात घाबरणाऱ्या पायाला जे लागतं ते द्यायचं. पहिला ढीग ज्याचा त्याचा. तू सीटवर बसलास की बायस एक टक्का पुढे घे, ट्रॅक्शन कंट्रोल माझ्यापेक्षा एक घर वर. दोन्ही आकडे कागदावर लिहून मॉनिटरला चिकटव.

रेदिलाँबद्दलही लिहितो, नाहीतर तू विचारशीलच. ओ रूजच्या तळाला गाडी जमिनीत दाबली जाते आणि लगेच चढ लागतो. स्प्रिंग मऊ असली की तिथे सस्पेन्शन बंपस्टॉपवर, म्हणजे शेवटी अडवणाऱ्या रबरी ठोकळ्यावर, जाऊन आदळतं. बंपस्टॉपला लागलं की तो कोपरा क्षणात कडक होतो, आणि ज्या आसाचा बंपस्टॉप आधी लागतो त्या आसाची पकड आधी जाते. मागचा आधी लागला तर शेपूट गेली, पुढचा आधी लागला तर नाक भिंतीकडे. मोटेकमध्ये, म्हणजे गाडीची नोंद बघायच्या सॉफ्टवेअरमध्ये, सस्पेन्शन ट्रॅव्हलच्या रेषा काढ. तळाला मागची रेष एकदम सपाट झाली तर मागच्या बंपस्टॉपची रेंज, म्हणजे तो लागेपर्यंतचं अंतर, वाढव किंवा त्याचा रेट, म्हणजे कडकपणा, कमी कर. हे न बघता डॅम्पर फिरवत बसलं तर आठवडा जातो. डॅम्पर फक्त वजन किती भरभर सरकायचं ते ठरवतात, किती सरकायचं ते नाही. डॅम्परच्या फास्ट बंपला (अचानक धक्क्यासाठीच्या आकड्याला) हात लावायचाच असेल तर बस स्टॉपच्या कर्बसाठी, म्हणजे वळणाच्या उंच कडेसाठी, लाव: गाडी कर्बवरून उडत असेल तर दोन क्लिक कमी. मोटेकची फाइल हवी असेल तर सेटअपच्या इलेक्ट्रॉनिक्सच्या पानावर टेलिमेट्रीच्या लॅप्स शून्यावर ठेवू नकोस. गेल्या वेळी तासभर चालवून हाती काही लागलं नव्हतं, आठवतंय ना?

आता टायरचं प्रेशर. गेमच्या अपडेट १.९ नंतर कोरड्या टायरला गरम असताना २६ ते २७ पीएसआयच्या आत राहायचं. आधी साडेसत्तावीसच्या आसपास चालायचं, ते आता विसर. पहिल्या तीन लॅपचे आकडे बघूच नकोस, टायर तोवर स्थिर होत नाहीत. चौथ्या-पाचव्या लॅपला चारही चाकं साडेसव्वीसच्या जवळ आली पाहिजेत, आणि त्यासाठी निघतानाचे चार आकडे वेगवेगळे ठेवावे लागतात. हवेचं तापमान १ अंशाने उतरलं की प्रेशर साधारण ०.१ पीएसआय उतरतं. माझ्या स्टिंटला २२ अंश असतील, तुझ्या वेळेला १६ धर. म्हणजे माझेच आकडे घेऊन निघालास तर ०.६ ने कमी पडशील, गाडी चिखलात चालल्यासारखी जड वाटेल, आणि तू दोष सेटअपला देशील. आणखी एक: ब्रेक डक्ट (ब्रेकला हवा देणारे झरोके) आधी ठरवायचे, प्रेशर मग. डक्ट बंद केले की ब्रेक तापतात, ब्रेकने रिम तापतो, रिमने आतली हवा. उलट्या क्रमाने केलंस तर सगळं पुन्हा करावं लागतं. पाऊस आलाच तर पावसाच्या टायरला तिसाच्या आसपास, आणि रस्ता वाळू लागला की ते टायर फार टिकत नाहीत, वेळेत आत ये.

टाकीचं विसरू नकोस. स्पा ७.००४ किलोमीटर, आपली लॅप दोन मिनिटं वीस सेकंद धरली तर तासाला २६ लॅप. लॅपला सरासरी ३.७ लिटर आली, म्हणजे ९६ आणि वर एका लॅपचं, शंभर लिटर. पेट्रोल लिटरला पाऊण किलो, म्हणजे पाऊणशे किलो ओझं. नांदुरी घाट चढताना नानांच्या जीपमध्ये मागे चौघं बसले की दिवे झाडांच्या शेंड्यांवर पडायचे, तसंच आहे हे. वजनाने उंची बदलते, उंचीने रेक, रेकने पूहाँ. दहा लिटरवर बसवलेला सेटअप शंभर लिटरवर दुसरीच गाडी होतो. म्हणून चाचणी भरल्या टाकीनेच.

आणि तुझं ते विकत घेतलेल्या सेटअपचं प्रकरण. मी तेव्हा फार बोललो, त्याबद्दल मनापासून माफ कर. तुझं एक म्हणणं बरोबर होतं: सुरुवात कुठून तरी करावी लागते, आणि चांगल्या हाताचा सेटअप उघडून वाचला तर शिकायला मिळतं. पण तो हात अपेक्सपर्यंत ब्रेक ओढत नेणारा असतो, टाकी रिकामी असते, आणि तापमान त्याच्याकडचं असतं. त्याचा वेग फाइलमधून आपल्याकडे येत नाही. माझा आग्रह एवढाच होता आणि आहे की काय बदलल्याने काय होतं ते आपल्याला कळलं पाहिजे. ते कळलं की कुणाचाही सेटअप वापर, मी एक शब्द बोलणार नाही.

कळून घ्यायचं कसं, तेही लिहून ठेवतो, पक्यालाही वाचून दाखव. गेममधला सेफ सेटअप घे, तापमान आणि वेळ पक्की कर, पाऊस बंद, शंभर लिटर. सहा लॅप, पहिल्या दोन सोडून दे. मग एकच गोष्ट बदल, आणि एका क्लिकने नको, चार क्लिकने, म्हणजे फरक हाताला कळेल. पुन्हा सहा लॅप. बरं वाटलं तर निम्म्यावर परत ये. तीन-चार बदल झाले की पहिला सेटअप पुन्हा लाव. त्यावरही वेळ कमी आली तर सुधारलास तू, गाडी नाही. हे शेवटचं जवळजवळ कुणी करत नाही, आणि म्हणूनच लोक महिनाभर वाऱ्याच्या मागे पळतात. फाइलला नाव देताना ट्रॅक, तापमान, इंधन आणि काय बदललं ते लिही. ‘फायनल’, ‘फायनल नवा’, ‘खरा फायनल’ हे आता बंद कर, राजा.

नवी नोकरी कशी आहे? पोरीचं नाव ठरलं का? वहिनींना नमस्कार सांग. काकूंच्या जेवणाच्या टेबलाला स्टीअरिंग बांधतोस ना अजून? ओ रूजला वरणाचं पातेलं उडण्याआधी एक स्टँड घे, फोर्स फीडबॅकही खरा कळेल. संक्रांतीला येणार असशील तर आधी कळव.

तर एवढं कर. फाइल पाठवलीय, नावात ‘२२_१००_रेक_कमी’ आहे. १५ लॅप चालव, १६ अंशांवर, आणि पूहाँला मुद्दाम पाय उचल, जसा उचलतोस तसाच. पाचव्या आणि पंधराव्या लॅपचे चारही प्रेशर लिही, आणि शेपूट कुठे हलली: शिरताना, मध्यात की निघताना. मध्यात हललीच तर मी विंग आणखी एक घर वाढवतो, केमेलवर चार गाड्या पुढे गेल्या तरी चालेल. शेवटच्या तासात तू निर्धास्त असायला हवास.

तुझा,
विन्या

ता.क. इंधन आणि स्ट्रॅटेजीच्या पानावर पिट स्टॉपसाठीचं टायर प्रेशर वेगळं भरावं लागतं. टायरच्या पानावर बदललेलं तिथे आपोआप जात नाही. तुझे आकडे मी तिथे दुसऱ्या स्टॉपला भरून ठेवतो, पण गाडीत बसण्याआधी पक्याकडून ते एकदा वाचून घे.