वडगावच्या आमच्या गल्लीचे आभार

खानापूरहून नोकरीसाठी बेळगावात आलो आणि वडगावात खोली घेतली. आयतं ताट मिळत आलेल्या मला घर चालवायला शिकवलं ते गल्लीनं. नावं लिहिली तर रागावतील, म्हणून नुसतेच आभार.

पहिला मान समोरच्या अक्कांचा. त्या कन्नड बोलतात, मराठी त्यांना समजतं, माझं उलटं. भाकरीचं त्यावाचून काही अडलं नाही. ज्वारीला गव्हासारखा चिवटपणा नसतो, म्हणून पीठ उकळत्या पाण्यात भिजवायचं आणि तळहातानं रगडून मळायचं. तव्यावर टाकताना पिठाची बाजू वर, तिच्यावर लगेच पाण्याचा हात. पाणी सुकत आलं की उलटायची, मग थेट जाळावर शेकायची. जुन्या पिठाची विरी, म्हणजे चिकटपणा, जाते, कडेला भेगा पडतात. म्हणून दळण थोडं थोडंच आणायचं. (भाकरी टम्म फुगली की अक्का टाळी वाजवतात. अजूनही!)

जुना तांदूळ जास्त पाणी पितो, हे रविवार पेठेतल्या दुकानदार काकांनी सांगितलं. सिलिंडरवाल्या अण्णांनी मात्र दम देऊनच शिकवलं: वास आला की रेग्युलेटर बंद, खिडक्या उघड्या, दिव्याच्या बटणाला हात लावायचा नाही, बाहेर येऊन १९०६ ला फोन.

आणि पावसात माझे दोरीवरचे कपडे न सांगता आत घेणारे मागावर कापड विणणारे दादा, तुम्हीसुद्धा!

रविवारी पिठलं माझ्याकडे. भाकऱ्या तेवढ्या अक्कांनी आणाव्यात.